वरच्यानं उतरू नये

जालना, ता. ९ फेब्रुवारी १९३६

पुंजाराम पाव्हणे यांना धर्मराजचा रामराम.

तुमचं संक्रांतीचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. घरात लिहिणारा मी एकटा, आणि मीही आता लिंबाजीदादासोबत कामावर जाऊन राह्यलो. मिशनच्या शाळेतली चार बुकं झाली, पुढं काही जमलं न्हाई.

तुमची बहीण, आमची सगुणावैनी, बरी आहे. दादाची तब्येत मात्र मधूनमधून बिघडते. त्याचं काम तुम्हाला आजवर बराबर सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो. लग्नात आम्ही म्हणालो होतो की नवरदेव कापसाच्या जीनमध्ये कामाला आहे. काम जीनच्या आवारातलंच आहे, पण कापसाचं न्हाई. तिथल्या चाळींच्या संडासांचे बंद खड्डे एका ठेकेदारानं उपसायला घेतलेत. वरची फरशी काढायची, एकानं आत उतरून बादली भरायची, बाकीच्यांनी ती ओढून घ्यायची आणि गाडीत भरून गावाबाहेर न्यायची. आत दादा उतरतो. वर मी, वैनी आणि कडूबा नावाचा आमचा गडी.

दादाचे डोळे कायम लाल असतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. पायाच्या बोटांमधली कातडी निघून राह्यली आहे. हळद भरतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाय त्याच घाणीत. मधे कावीळ झाली होती, ती उतरली. कामावरून आल्यावर भाकर खाली जात न्हाई. म्हणतो, सगळ्याला तोच वास येतो. गुत्त्यावर जातो हे तुमच्या कानावर आलं असेल. न पिता पहिली बादली भरणं कुणाच्यानं होत न्हाई.

वैनीनं एक हट्ट धरलाय. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर पायजे म्हणते. इथले लोक हसतात, "बैल हाय का तो?" म्हणतात. तिनं दादाला दारातच अडवलं, कामावर जाऊ देईना, तेव्हा तो कबूल झाला. तर तुमच्या हातचा, मोटेला लावतात तसला मजबूत नाडा पाठवून द्या. भिजून कुजणार न्हाई असा पाहिजे.

माय, म्हणजे आमची साळूबाई, सगळ्यांची खुशाली विचारते.

धर्मराज

—

कुंभार पिंपळगाव, महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

धर्मराज पाव्हणे, रामराम घ्यावा.

माझं अक्षर शाळेच्या बाहेर पायरीवर बसून आलेलं हाय, संभाळून वाचा.

आमच्या गावचे जमीनदार काकासाहेब, त्यांच्या गाड्या कापूस घेऊन जालन्याला निघाल्यात. त्यांच्या गाडीवानाजवळ नाडा दिला हाय. घायपाताचा वाख निवडून घेतला आन् पीळ मी सोता दिला. बैल लटकला तरी तुटायचा न्हाई.

तुमी जीन म्हणलं, आमी आइकलं. आता त्याच्यावर बोलून काय व्हतंय? आमी दोर वळणारी मांगाची माणसं. गावात आमची पत केवढी ते तुमाला ठाव हाय. पर मैल्यात आमच्या घरचं कुणी उतरलं न्हाई. मायला तुमचं पत्र वाचून दाखवताना मी तेवढं गाळलं. तिला म्हणलं, जावई मोटेवर हाय, म्हून नाडा लागतो.

एक ध्यानात ठिवा. हा नाडा माणसाच्या कमरेला. बादलीला दुसरा घ्या. कमरेचा दोर काढून बादलीला लावायचा न्हाई, कितीबी घाई असू द्या.

सगुणाला म्हणावं, हट्ट केलास ते बराबर केलंस.

पुंजाराम

—

जालना, ता. १४ एप्रिल १९३६

पुंजाराम पाव्हणे यांना धर्मराजकडून.

दादाच्या दहाव्याला तुम्ही आल्ता तेव्हा माय समोर बसून होती, म्हणून तोंड उघडता आलं न्हाई. वैनीला तुम्ही घेऊन गेलात ते एका परीनं बरं झालं. माय तिला घरात ठेवणार नव्हती. पण काय घडलं ते तुम्हाला कळायला पायजे. मी जे बघितलं तेच लिहितो.

त्या दिवशी आम्ही चाळीच्या शेवटच्या खड्ड्यावर होतो. कित्येक वर्षं त्याची फरशी कुणी काढली नव्हती. दादा तुमचा नाडा बांधूनच उतरला. निम्मा खड्डा झाल्यावर बादलीचा दोर तुटला. मुकादमानं घाई लावली, मालक येणार आहेत म्हणाला. दादानं खालून कमरेचा नाडा सोडला आणि बादलीला लावा म्हणाला. वैनी न्हाई म्हणाली. "एवढा कोपरा राह्यला, उगं कटकट नको," असं तो बोलला. मंग कोपऱ्यात मैल्यावर वाळून घट्ट झालेली साय त्यानं फावड्यानं फोडली. आणि खाली बसला. मला वाटलं, दमला म्हणून बसला. मंग तो आडवा झाला.

मी उतरायला निघालो. एक पाय आत घातलाही होता. तेवढ्यात वैनीनं मला मागून धरून पाडलं. मी ओरडत होतो, "सोड, दादा हाय आत!" तिनं सोडलं न्हाई. गाडीच्या बैलाचा कासरा ओढून तिनं माझा पाय चाकाला बांधला. दोरवाल्याची लेक, ती गाठ मला सुटली न्हाई. कडूबाला ओरडून म्हणाली, "तू बी उतरू नको. गळ टाक." आडात पडलेली घागर काढायचा गळ गाडीत होता, तो तिनं नाड्याला बांधून दिला. घागर काढावी तसं माझ्या भावाला वर काढलं. वर आला तेव्हा त्याच्यात काही राह्यलं नव्हतं.

मी कुंडलिकेच्या पुरात पोहणारा माणूस आहे. दम धरून उतरलो असतो तर दादाला काढला असता. असं माझं मत आहे. माय तर म्हणते की वैनीचा जीव नवऱ्यावर नव्हताच. मी तसं म्हणत न्हाई. पण त्या वेळेला ती दादाकडं गेली न्हाई, माझ्याकडं आली, हे मी कसं विसरू?

ठेकेदार सांगत फिरतो की दारूनं मेला. एरवी पीत होता, पण त्या दिवशी दादा प्यायला नव्हता.

धर्मराज

—

कुंभार पिंपळगाव, अक्षय तृतीयेनंतरचा बाजार

धर्मराज पाव्हणे, रामराम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. सगुणाला वाचून दाखवलं न्हाई.

तिचा समोरचा एक दात पडलेला हाय आन् व्हट आतून फाटलेला हाय. इथं आल्यावर आठ दिवस तिला भाकर पाण्यात कुस्करून दिली. तुमच्या पत्रात ह्याचं काईच न्हाई. मी तिला इचारलं तर म्हणली, "पडले." मी तुमाला काई म्हणत न्हाई. त्या टायमाला माणसाला कुटं लागतंय आन् कुणाला लागतंय ते कळत न्हाई.

पर तुमी इचारलं, ती तुमच्याकडं का आली? ती सांगायची न्हाई, म्हून मी सांगतो. तुमी जीनचं सांगितलं तसं आमीबी एक सांगितलं व्हतं. आमचा बाप तापानं गेला, असं म्हणलो व्हतो. ते खरं न्हाई.

आमच्या गावात ज्वारी पेवात ठिवतात. जमिनीच्या पोटात खोल खड्डा, तोंड बारीक, वरून मातीनं बंद. ज्वारी काढायची म्हणलं की आमाला बलावणं येतं, कारण दोर आमचा. पेव उघडलं की एक दिवस तसंच सोडायचं. मंग कंदील सोडून बघायचा. कंदील इझला तर कुणी उतरायचं न्हाई. हे सगळ्यांना ठाव असतं. त्या साली काकासाहेबांकडं पाव्हणे आल्ते, ज्वारी जल्दी पायजे व्हती. काकासाहेबांचा सालगडी तसाच उतरला आन् आत पडला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. तोबी पडला. मंग आमचा बाप. जाताना त्यानं डोक्याचं पटकं सगुणाच्या हातात दिलं, "धर, आलोच," म्हणला. ती दहा वर्सांची व्हती, सांडलेली ज्वारी झाडून घ्यायला गेल्ती. तिच्यासमोर तिघं जण एकामागं एक गेले. आवाज न्हाई, झटापट न्हाई. माणूस उतरतो आन् झोपतो.

गावात लोक म्हणायले की पेवानं ह्यांचं घर धरलं. असल्या घरची पोरगी कोण करून घेतो? म्हून आमी ताप म्हणलो.

आता तुमी समजा. त्या दिवशी तिनं दोन माणसं बघितली. एक पडलेला, एक पडायला निघालेला.

पुंजाराम

—

जालना, ता. ३ मे १९३६

पुंजाराम पाव्हणे,

तुमच्या वडलांचं वाचून वाईट वाटलं. पण पेवात ज्वारी असते आणि इथं मैला. दोन्ही एक कसं म्हणता? दादानं असले कितीतरी खड्डे उपसले होते. त्याला काही झालं नव्हतं.

दाताचं मला माहीत नव्हतं. तिला धक्के मारले, लाथा मारल्या, ते खरं. कुठं लागलं ते बघितलं न्हाई.

ठेकेदारानं मला दादाच्या जागी घेतलंय. दुसरं काम मिळत न्हाई. जिथं जातो तिथं विचारतात, आधी काय करत होतास? आणि सांगितलं की मागं सरतात. पुढच्या हप्त्यात मंठ्याला जायचं आहे, तिथल्या बाजाराजवळच्या धर्मशाळेचा खड्डा आहे. माय एकटी राहायला तयार न्हाई, तीही गाडीतून येणार आहे. म्हणते, ह्या वेळेला वर मी उभी राहीन.

हे वैनीला सांगू नका.

धर्मराज

—

कुंभार पिंपळगाव, वटपौर्णिमा होऊन गेल्यावर

धर्मराज पाव्हणे,

महिना झाला, तुमचं पत्र न्हाई. घनसावंगीच्या बाजारात एक गाडीवान भेटला. तो म्हणला, मंठ्यात खड्ड्यावर कायतरी झालं, जालन्याची माणसं व्हती. कोण ते त्याला ठाव न्हाई.

मी सगुणाला सांगितलं न्हाई. पर गाडीवान बोलला तवा ती मागं उभी व्हती. तवापासून तिनं दोन येळा इचारलं, जालन्याचं कार्ड आलं का? नवऱ्याचं नाव ती घेत न्हाई, सासूचं काई इचारत न्हाई. फकस्त, "कार्ड आलं का?"

दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या, पर चार वळी पाठवा.

पुंजाराम

—

जालना, ता. २१ जून १९३६

पुंजाराम पाव्हणे यांना धर्मराजचा रामराम. मी जिवंत आहे. हे अक्षर माझंच आहे. वाकडं आलंय, कारण डोळ्यांना अजून बराबर दिसत न्हाई.

मंठ्याला मी नाडा बांधून उतरलो. खरं सांगायचं तर मी बांधणार नव्हतो. कडूबानं बांधला. दादाच्या वेळेपासून तो कमी बोलतो. दोर पुढं केला आणि म्हणाला, "बांधत नसशील तर मी बादली ओढत न्हाई." नाड्याचं वरचं टोक त्यानं स्वतःच्या कमरेला घेतलं, आणि मधला एक वेढा धर्मशाळेच्या खांबाला.

खाली उतरल्यावर वास होता. सडलेल्या अंड्याचा असतो तो. त्याची सवय आहे. गुडघ्याएवढ्यात उभा राहून मी फावडं घातलं, साय फुटली आणि एकदम वास गेला. बिलकुल गेला. मला वाटलं, बरं झालं, कुठून तरी हवा आली. पाव्हणे, हे मी मुद्दाम लिहून राह्यलो. घुसमटल्यासारखं झालं न्हाई, दुखलं न्हाई, भीती वाटली न्हाई. उलट बरं वाटलं. बादली भरायला वाकायचं असा विचार केला, तो मला आठवतो. वाकलो की न्हाई ते आठवत न्हाई. पाय माझे न्हाईत असं झालं. त्याच्यापुढं काहीच न्हाई.

बाकीचं कडूबानं सांगितलं. मी कोसळल्याबरोबर त्यानं आणि आमच्या गाडीवानानं ओढायला सुरुवात केली. माय खड्ड्याच्या तोंडाशी होती. तिनं पदर खोचला आणि पाय आत सोडले. धर्मशाळेतल्या दोन उतारूंनी तिला दंडाला धरून मागं ओढली. तिनं त्यांना ओरबाडलं, त्यांच्या आयाबहिणी काढल्या. "माझा एक गेला, दुसरा बी घालवता का?" म्हणत होती. ते दोघं अनोळखी. त्यांनी तिला सोडलं न्हाई.

वर काढल्यावर मी निळा पडलो होतो म्हणतात. तिथल्या दवाखान्यात नेलं. शुद्ध आली तेव्हा डोळे उघडेनात, उघडले तर आगीसारखे जळत. बरेच दिवस काही दिसलं न्हाई. डोळे धुऊन पट्टी बांधत होते. आता उजेड, माणसं, मोठी अक्षरं दिसतात. खोकला आहे. जिना चढलो की दम लागतो. डॉक्टर म्हणाले, थोडं राहील.

पडून होतो तेव्हा एकच विचार करत होतो. दादा कोपऱ्यात पडला होता. मी उतरलो असतो तर त्याच्यापाशी पोचायला तीन-चार पावलं टाकायला लागली असती. मंठ्यात मला एक पाऊल टाकता आलं न्हाई. दम धरला असता म्हणाल, तर दम धरायचं सुचायला आधी भीती वाटायला पायजे. ती वाटतच न्हाई. म्हणजे मी दादापाशी पोचलोच नसतो. आणि मग कडूबा उतरला असता, कारण तो तसा माणूस आहे. तिसरी वैनी.

हे मी मायला सांगितलं. ती चूल फुंकत होती.

जालन्याला आल्यावर मी, कडूबा आणि इतर दोघं मिळून ठेकेदाराकडं गेलो. फरशी आदल्या दिवशी उघडून ठेवायची, दोराशिवाय कुणी उतरायचं न्हाई, बादलीला दोर वेगळा द्यायचा, आणि खालचा पडला तर वरच्यानं उतरू नये, फक्त ओढावं. एवढं कबूल करा म्हणालो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, बराबर आहे म्हणाला. दुसऱ्या हप्त्यात त्यानं परतूरकडची नवी माणसं आणली. आम्हाला बोलावलं न्हाई. मी आणि कडूबा त्या नव्या माणसांना जाऊन भेटलो. त्यांच्यातला एक म्हणाला, "आमच्या पोटावर पाय देता व्हय?" दुसऱ्यानं मात्र ऐकलं. नाडा मी त्याला देऊन टाकला. तुम्हाला न विचारता दिला, राग मानू नका.

मी आता स्टेशनवर गाठोडी मोजायला बसतो. उचलणं जमत न्हाई.

वैनीला माझं सांगा. काय सांगा ते मला लिहिता येत न्हाई. दाताचं सांगा, की मला आता माहीत आहे.

माय म्हणते, ती तुमच्या गावाला येणार. कशाला ते सांगत न्हाई. मी म्हणालो, एकदा घराबाहेर काढलेल्या सुनेच्या दारात कशी जाशील? ती म्हणाली, "ते माझं मी बघीन." तुम्ही दारात घ्याल की न्हाई ते तुमच्यावर आहे.

धर्मराज

—

कुंभार पिंपळगाव, श्रावणातला बाजार

धर्मराज पाव्हणे, रामराम.

तुमची माय सुखरूप हाय. गाडीनं पाय आखडले व्हते, आता चालती-फिरती हाय. पोळा तोंडावर आलाय. बैलांचे कासरे, नाकातल्या येसणी, तोंडावरच्या मोरख्या, गावाचं सगळं काम आमच्यावर. घरात जो हाय तो वाख घेऊन बसलेला. ती बी बसती. पीळ तिला जमत न्हाई, पर वाख निवडती. पोळा होईस्तोवर ऱ्हाऊ द्या. मंग तुमी या न्यायला. आलात तर दोन दिवस थांबा. इथली हवा कोरडी हाय, खोकल्याला बरी. नाडा दिला ते चांगलं केलं. वळणारा मी हाय, दुसरा वळीन.

तुमचं पत्र मी सगुणाला पुरं वाचून दाखवलं. काईच गाळलं न्हाई. वास गेल्यावर बरं वाटलं, ते तुमी लिवलंय, तिथं तिनं थांबवलं. म्हणली, "ते परत वाच." मी परत वाचलं. ती म्हणली, "म्हंजी आबाला बी दुखलं नसंल." आबा म्हंजी आमचा बाप. मंग उठून गेली.

आता तुमची माय आली त्या दिवसाचं सांगतो.

सगुणा अंगणात दोर वळत व्हती. एक टोक खुंटीला, एक तिच्या हातात. माय दारात उभी राह्यली. सगुणानं बघितलं, पर दोर सोडला न्हाई. सोडला की पीळ उकलतो. माय आपणच आत आली आन् जमिनीवर बसली. आमची माय पाणी आणायला उठली, तिला मी खूण केली, थांब म्हून.

माय म्हणली, "धर्म्या सांगतो ते मला समदं कळत न्हाई. वाफ, साय, काय काय सांगतो. मला येकच सांग. माझा लिंबाजी आत पडला, तवा त्यानं हाक मारली का?"

सगुणा म्हणली, "न्हाई."

"येकदा बी?"

"येकदा बी न्हाई, माय."

"तू बराबर आइकत व्हतीस? गलका व्हता, म्हणतो धर्म्या. त्योच वरडत व्हता."

सगुणानं हातातला दोर खुंटीला गुंडाळला. मंग तुमच्या मायच्या समोर येऊन बसली. घरी आणल्यापासून मी तिला एवढं बोलताना आइकलं नव्हतं. म्हणली, "मी त्याच्याकडंच कान लावला व्हता. धर्मराजभाऊजींचा पाय बांधत व्हते तवा बी तिकडंच कान व्हता. येक हाक आली असती ना, तर मी कुणालाच धरलं नसतं. कासरा टाकून मीच उतरले असते."

तुमची माय सगुणाजवळ सरकली. मंग तिनं हात पुढं केला आन् जिथं दात न्हाई तिथं, व्हटावर, बोट ठिवलं.

पुंजाराम